पहिल्या बक्षिसाची वाटी

४ मे १९९६, शनिवार. पेण

मागची नोंद नोव्हेंबरातली आहे. सहा महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. अंगणवाड्यांच्या तपासणीच्या वह्या मी रोज भरते, त्यात एकही दिवस चुकत नाही. इथे लिहायचं टाळलं, कारण इथे ऋतुजाबद्दल लिहावं लागलं असतं.

तर लिहिते. माझी मुलगी साडेतेरा वर्षांची आहे आणि तिचं वजन एक्क्याऐंशी किलो आहे. शाळेचा जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं. गुरुवारी तिला रोह्याला नेलं. माझी धाकटी बहीण वैशाली तिथे असते, तिने एका डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं. रक्ताचा अहवाल आला. साखर काठावर आहे, रक्तदाब या वयाला जास्त आहे. असंच चाललं तर विशीतच मधुमेह गाठेल, असं ते म्हणाले.

त्यांनी विचारलं, "ही कधीपासून अशी?"

मी म्हटलं, "जन्मली तेव्हा अडीच किलोची होती. अकराव्या महिन्यात तेरा किलो भरली."

"इतकं नेमकं कसं आठवतं?"

कारण ते आमच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. फ्रेममधल्या फोटोत मी ऋतुजाला दोन्ही हातांनी पेलून उभी आहे आणि खाली अक्षरं आहेत : गुटगुटीत बालक स्पर्धा, पेण तालुका, १९८३, प्रथम क्रमांक, वजन १३ किलो. बक्षीस म्हणून स्टीलचा वाटी-चमचा मिळाला होता. त्या वाटीवर तिचं नाव कोरलेलं आहे.

मग त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. मोठेपणी माणूस सुटतो तेव्हा त्याच्या चरबीच्या पेशी फुगतात. पण बाळपणीच कोणी असं सुटलं तर पेशींची संख्याच वाढते. वजन उतरलं की पेशी रिकामी होते, नाहीशी होत नाही. ती जन्मभर तिथेच असते आणि भरायला मागते.

मी मिठागरवाल्यांची मुलगी. मला लगेच वाफे दिसले. पाणी आटलं, मीठ खरवडून नेलं, तरी वाफा जागच्या जागी, पुढच्या भरतीची वाट बघत.

हे वाफे मी बांधले. पहिला मुलगा विशाल सात महिन्यांचा होऊन अतिसाराने गेला, तेव्हा साडेतीन किलो होता. त्याचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. ऋतुजा झाली तेव्हा मी डब्यातल्या दुधाच्या पुडीचं माप दुप्पट केलं, वर साखर. झोपली तर उठवून पाजलं. तिने तोंड फिरवलं की मी भ्यायचे. स्पर्धेच्या आधीचे दोन महिने तर मी फक्त काट्याकडे बघत होते.

डॉक्टर म्हणाले, "घाई करू नका. तिची उंची वाढतेय. वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी दोन वर्षांत फरक दिसेल. घरात सगळ्यांना एकच जेवण, रोज चालणं, दर महिन्याला माझ्याकडे काटा. घरी काटा ठेवू नका."

दोन वर्षं. मी एवढी वाट बघू शकेन का?

६ मे

कार्यालयातला उभं राहायचा काटा घरी आणला. नोंदवहीत 'दुरुस्तीसाठी नेला' असं लिहिलं. काटा बिघडलेला नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत ही माझी पहिली खोटी नोंद.

१२ मे, रविवार

मी ठरवलेलं माप : सकाळी अर्धी भाकरी, दुपारी एक वाटी भात आणि पालेभाजी, संध्याकाळी पुन्हा अर्धी भाकरी. डॉक्टरांनी याहून जास्त लिहून दिलंय. पण त्यांना ऋतुजा महिन्यातून एकदाच दिसणार, मला रोज दिसते. मापाला ती बक्षिसाची वाटीच घेतली. जिने केलं तिनेच फेडावं, असं काहीसं मनात होतं. लिहून बघितल्यावर ते फार शहाणपणाचं वाटत नाही. वाटीचा काय दोष?

ऋतुजा दिवसातून पाच-सहा वेळा म्हणते, "आई, भूक लागलीय." मी सांगते, ती खोटी भूक आहे, त्या पेशी बोलतात. आज तिने विचारलं, "मग खरी भूक कशी असते?" पाणी पी म्हटलं.

२६ मे

७७ किलो.

रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालतो. वाटेत गणपतींचे कारखाने आहेत, कच्च्या मूर्ती बाहेर उन्हात ठेवलेल्या असतात. आज फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एक ओरडला, "अरे, ही वाळली की रंगवायला घ्या!" दुसरा म्हणाला, "विसर्जनाला ट्रक लागंल ट्रक!" मी वळून काही बोलणार, तर ऋतुजानेच माझा हात दाबला. "आई, ते रोज बोलतात. शाळेच्या वाटेवरपण. तू आज ऐकलंस."

घरी आल्यावर तिने आपणहून काटा ओढला आणि उभी राहिली.

९ जून, रविवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

वजन पाच दिवस हललं नव्हतं. दुपारी मागच्या पडवीत गेले तर सासूबाई आणि ऋतुजा पाट मांडून बसलेल्या. ताटात तांदळाची अख्खी भाकरी आणि सुकटीची चटणी. ऋतुजाचा घास तोंडात होता. मी ताट उचललं आणि कोंबड्यांपुढे उपडं केलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो सगुणा, पोर जेवत्येय, चोरी नाय करत! भरल्या ताटावरनं काय उठवतेस?"

"तुम्हाला तिला मारायचंय का?"

"मी मारतंय? व्हय, मीच मारतंय! तुझी वाटी बघ, त्यात माझ्या पिल्लांचं पण नाय भागायचं."

मी ऋतुजाकडे वळून म्हटलं, "तुला लाज नाही वाटत?" तिने तोंडातला घास हातात काढला. कुठे टाकावा हे तिला कळेना. मुठीत धरून उभी राहिली.

सासूबाईंना मी नंतर सॉरी म्हटलं. ऋतुजाला म्हणायचं राहिलं.

२३ जून

७३ किलो. आज चौदा दिवस झाले, ऋतुजा एकदाही भूक लागली म्हणाली नाही. मी तिला शहाणी म्हटलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. शाळा सुरू झालीय, डबा रिकामा येतो. मी समोर बसून एकेक घास बत्तीस वेळा चावायला सांगते आणि मोजते. मन लावून केलं की होतं, हे डॉक्टरांना कळवायला हवं.

जूनमधली त्यांची तारीख मात्र चुकली. कार्यालयात मासिक अहवालाची गडबड होती. (अहवाल मी तीन तारखेलाच दिला होता. मग का गेले नाही? ते म्हणतील, इतक्या घाईने नको.)

२ जुलै

डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीत तपासणी. तिथली सेविका, सीताबाई, नवी आहे. एका मुलीला तिने 'साधारण' असं लिहिलं होतं. मी मुलीला मांडीवर घेऊन सीताबाईंना शिकवलं : काटा एकटा खरं सांगत नाही. केस हळूच ओढून बघा, सहज हातात येतात का. हात गार आहेत का. हाक मारली की किती वेळाने बघते. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे मूल खायला मागेनासं होतं.

सीताबाई म्हणाल्या, "मागत नाय म्हंजे पोट भरलंय, असंच वाटायचं मला, बाई."

त्यांच्या अज्ञानाचं मला वाईट वाटलं. पाणंदीतून चालत परत आले, साडी चिखलाने भरली.

१४ जुलै

७० किलो. अकरा किलो उतरले! वैशूला पत्र लिहिलं.

सासूबाई माझ्याशी मोजकंच बोलतात. आज म्हणाल्या, "यंदा कोंबड्या काय पोसल्यात गो! पावसाळ्यात कवा एवढी अंडी नाय दिली." मी म्हटलं, चांगलंय की. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

२८ जुलै, रविवार

६७.

ऋतुजाची वेणी घालताना कंगव्यात केसांचा पुंजका आला. पावसाळ्यात गळतातच. तेल बदलून बघते. तिला थंडी वाजते म्हणून घरातही स्वेटर घालून बसते. चरबी कमी झाली की असं होत असावं.

दुपारी ह्यांच्याशी खटका. हे डोलवीच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आले होते. जेवताना म्हणाले, "सगुणा, पोरीचं तोंड बघ जरा."

"बारीक झालंय."

"बारीक नाय, म्हातारं झालंय. काल हाक मारली तर तिसऱ्या हाकेला बघितलं तिनं."

"अभ्यासात असेल."

"पुस्तक उलटं होतं."

मी म्हटलं, तुम्ही आठ-आठ तास बाहेर, तुम्हाला दोन दिवसांत सगळं दिसतं, मी रोज बघतेय. मला वाटलं मी जिंकले. त्यांनी आपल्या ताटातला मासा काढून ठेवला आणि हात धुतले.

पण मी खरंच रोज बघते का? रोज बघते तो काटा. हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होते. राहू दे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला ऋतुजाच्या वर्गशिक्षिका सर्वांसमोर म्हणाल्या, "काय मेहनत घेतलीत हो तुम्ही!" नवा गणवेश दोन मापं लहान घ्यावा लागला. राष्ट्रगीत संपताच ऋतुजा खाली बसली. ऊन होतं. तिला मे महिन्यानंतर पाळी आलेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवते. या वयात मागेपुढे होतं.

आज तिने विचारलं, "आई, किती झाले की फोटो काढायचा?"

"कसला फोटो?"

"भिंतीवरचा. तो काढून दुसरा लावू. त्यात पण तू मला उचल."

मी हसले. पन्नास झाले की, म्हटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पोषण सप्ताह. तालुक्याची गुटगुटीत बालक स्पर्धा आज झाली. दर वर्षीप्रमाणे मीच भरवली. जुलैत साहेबांना टिपण दिलं होतं की नुसत्या वजनावर क्रमांक देऊ नये. साहेब म्हणाले, "सगुणाबाई, मग बक्षीस काय रडण्यावर द्यायचं?" सगळे हसले. मी जास्त ताणलं नाही.

पहिला नंबर आदर्श नावाच्या दहा महिन्यांच्या बाळाचा आला. साडेबारा किलो, मनगटाला वळ्या. त्याची आई विमलबाई खाडीकडच्या गावातली, माझ्या माहेराजवळची. स्टेजवरून उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, झोपंतना उठवून उठवून पाजलाय गो त्याला."

मी तिला बाजूला घेतलं. "आता उठवू नका. भूक लागली की तो रडेल, तेव्हा द्या."

"रडंपत थांबू? मी काय सावत्र हाय?" ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "काय चुकला काय माझा?"

फोटोवाला घाई करत होता. मी म्हटलं, "नाही हो, काही नाही." वाटी तिच्या हातात दिली आणि टाळ्या वाजवल्या.

माझ्यापुढे तेरा वर्षांपूर्वीची मीच उभी होते आणि मी तिला सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तुमच्या मुलीचं काय झालं?

घरी ऋतुजा पांघरूण घेऊन पडली होती. ६१ किलो. सोमवारी रोह्याला नेते. चार महिन्यांनी का होईना, दाखवायला आता काहीतरी आहे.

९ सप्टेंबर. रोहा

गाडीतून उतरलो. फलाटावर चार पावलं चालून ऋतुजा म्हणाली, "आई, मला दिसत नाहीये," आणि खाली बसली.

मी तिला म्हटलं, "ऊठ, लोक बघतायत."

हे मी म्हटलं.

१० सप्टेंबर

ऋतुजाला रोह्यात दवाखान्यात ठेवलंय. नाडी चव्वेचाळीस होती. रक्तातले क्षार फार उतरलेत, हृदयाचे ठोके त्यामुळे चुकताहेत. सलाईनमधून हळूहळू भरून काढावे लागतील, एकदम भरले तरी धोका. आजचा आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा, एवढंच डॉक्टर सांगतात.

काल तपासताना त्यांनी तिच्या कपाळावरचे केस दोन बोटांत धरून हळूच ओढले. बोटांत आले. मग तळहात धरून बघितला. मग हाक मारली आणि थांबले. एकेक खूण त्याच क्रमाने. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता म्हणालात?"

मी सांगितलं.

त्यांनी तिचा हात पांघरुणाखाली ठेवला आणि सलाईन लावायला सांगितलं. त्यांनी रागवायला हवं होतं.

ती भरलेली दिसते म्हणून मला दिसलं नाही, असं मी वैशूला सांगत होते. वैशू म्हणाली, "ताई, कातकऱ्याची पोर असती तर दिसलं असतं ना?" ती टोचून बोलली नाही, नुसतं विचारलं.

११ सप्टेंबर

नाडी छप्पन्न. ऋतुजा थोडं बोलली. मी न विचारताच म्हणाली, "भाकरी कोंबड्यांना टाकायचे. तू समोर बसायचीस तेव्हा गालात धरून मागे जायचे. डबा शाळेत वाटायचे."

"का गं राजा? मी अर्धी तरी देत होते ना?"

"अर्धी खाल्ली की खूप भूक लागायची. काहीच नाही खाल्लं की कमी लागते. आणि भूक लागली नाही म्हटलं की तू शहाणी म्हणायचीस."

डॉक्टरांनी दुपारी पुन्हा कागद घेतला. पेशी होत्या तेवढ्याच आहेत. रिकाम्या झाल्यात, म्हणून आता पहिल्यापेक्षा जास्त ओरडणार. वजन पुन्हा चढेल, काही प्रमाणात चढायलाच हवं. मग हळूहळू, वर्षानुवर्षं, सगळ्या घराने मिळून. तिला बारीक करायचं हे ध्येयच नाही. तिची साखर, तिचा दम, तिचं जेवण जागेवर राहावं, एवढंच. "ही भूक खोटी नसते," ते म्हणाले. "तुमच्याआमच्यापेक्षा खरी असते." मग दारात थांबून म्हणाले, "सध्या मला तिच्या चढणाऱ्या वजनाची नाही, न खाण्याची भीती वाटते. आपणहून खायला लागली नाही तर हे सगळं पुन्हा होईल आणि पुढच्या वेळी फलाट ते दवाखाना एवढाही वेळ मिळेल की नाही सांगता येत नाही."

हे पेणला जाऊन काटा कार्यालयात देऊन आले. साहेबांनी विचारलं, दुरुस्त झाला का. हे म्हणाले, मला माहीत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सलाईन काढलं. आता तोंडाने जायला हवं.

सकाळी सासूबाई एसटीने आल्या, टोपलीत भुशात ठेवलेली बारा अंडी घेऊन. डॉक्टरांनी एक उकडून द्यायला सांगितलं. सासूबाई ऋतुजाला म्हणाल्या, "खा गो बाय, तुझ्याच भाकरीचं हाय." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "सांगणार व्हतू. पन तू परत ताट उपडं केलं असतंस."

ऋतुजाने अंडं हातात धरलं, फिरवून बघितलं आणि ठेवून दिलं. दुपारी वैशूने पेज आणली. काल ह्यांनी पेणच्या घरून माझे कपडे आणि थोडी भांडी तिच्याकडे आणून ठेवली होती, आणि तिने पेज नेमकी त्याच कोरलेल्या वाटीत ओतली. तिला काय माहीत. ऋतुजाने वाटी बघून डोळे मिटले.

मी म्हटलं, "एक चमचा. माझ्यासाठी."

"तू मोजशील."

"नाही मोजणार."

"तू मोजतेस, आई. तुझे ओठ हलतात."

मी तोंडावर पदर धरला. तिने चमचा उचलला, ओठांपर्यंत नेला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला. पेज गार झाली, वर साय धरली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती अजूनही बघत होती की मला काय हवंय.

संध्याकाळपर्यंत दोन घोट पाणी, बस. डॉक्टर येऊन गेले. नाडी पुन्हा उतरून बावन्न.

तेरा वर्षं मी हिच्या तोंडाकडे बघत बसलेय. आधी जास्त जावं म्हणून, मग कमी जावं म्हणून. मी बघत नसताना ही जेवली ती एकदाच, पडवीत पाटावर, आणि तोही घास मी तिच्या तोंडातून काढला. ती वाटी मी वैशूच्या पिशवीत तळाशी घातली. याने काही होईल असं मला वाटत नाही. दुसरं काही सुचतही नाही.

उद्या : वैशूकडच्या मोठ्या वाडग्यात काठोकाठ पेज भरून ऋतुजाच्या उशाशी ठेवणे, आणि बाहेरच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसणे.